तक्रारीचा कागद आणि गावाचा निवाडा

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. गावाने एकदिलाने मनावर घेतलेले काम राजालाही साधत नाही, असा तिचा अर्थ आपण अभिमानाने सांगतो. परंतु गावाचा कारभार पाहण्यासाठी गावानेच निवडलेला माणूस वाकड्या वाटेने जाऊ लागला तर काय करावे, याविषयी ही म्हण काही बोलत नाही. सरकारी कारकून चुकला तर त्याचा वरिष्ठ त्याला जाब विचारतो. पेढीवरचा गुमास्ता चुकला तर शेटजी त्याचा हिशेब चुकता करून त्याला घरी पाठवतो. नगरपालिकेच्या सभासदाचा धनी मात्र मतदार आहे, आणि हा धनी पाच वर्षांतून एक दिवस जागा होतो. मधल्या काळात सभासदाविरुद्ध कोणाची काही तक्रार असेल, तर ती कोणी करावी, कोणापुढे करावी, तिचा निवाडा कोणी द्यावा, आणि गावाला ती केव्हा व किती कळावी, हे चार प्रश्न उभे राहतात. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात हे चारही प्रश्न वेगवेगळ्या काळी उभे राहिले आहेत. त्यांची उत्तरे अर्धीमुर्धी मिळाली असली तरी ती पाहण्याजोगी आहेत.

प्रथम एक जुना दाखला घेऊ. १६७५च्या जानेवारी महिन्यात शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मुरूडच्या समुद्रात, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या उरावर पद्मदुर्ग उभा राहत होता. त्या कामावरच्या दर्यासारंग व दौलतखान यांना पैसा व रसद पोचवण्याचा हुकूम सुभेदाराला झाला होता. तो त्याने पाळला नाही. महाराजांनी त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली, आणि तू ब्राह्मण आहेस म्हणून तुझी गय केली जाईल असे समजू नकोस, हेही स्पष्ट बजावले. या पत्रातले राज्यकर्त्याचे तेज कोणालाही जाणवेल. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. येथे जाब विचारणारा वर आहे आणि देणारा खाली आहे. धनी जागा आणि न्यायी असेल तोवर ही व्यवस्था उत्तम चालते. धनी बदलला की व्यवस्थाही बदलते.

इंग्रजी अमदानीत नगरपालिका आल्या त्याही प्रथम याच साच्याच्या होत्या. १८५०च्या सव्विसाव्या कायद्याने गावच्या रहिवाशांनी मागणी केल्यास तेथे नगरपालिका स्थापता येऊ लागली. आपल्या आजच्या जिल्ह्यातली पनवेलची नगरपालिका १८५२ची. त्या वेळी पनवेल ठाणे जिल्ह्यात होते. १८८३मध्ये पनवेल व उरण कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले. महाडची नगरपालिका १८६६ची. या पहिल्या पिढीतले सभासद सरकारने नेमलेले असत. गावातले प्रतिष्ठित गृहस्थ, सावकार, वकील आणि त्यांच्यावर सरकारी अंमलदार, अशी ती मंडळी असे. ज्याला कलेक्टरसाहेबांनी खुर्ची दिली, त्याने कलेक्टरसाहेबांची मर्जी सांभाळावी, यात नवल नव्हते. गावाची मर्जी सांभाळण्याचे बंधन त्याच्यावर नव्हतेच.

अशा नेमलेल्या सभेतसुद्धा एखादा सभासद काय करू शकतो, याचे उदाहरण पुण्यात सापडते. महात्मा जोतीराव फुले १८७६पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावेत असे ठरू लागले. करदात्याचा पैसा शोभेच्या कामी उधळण्याऐवजी शिक्षणासारख्या कामी लावावा, हे जोतीरावांचे मत. बत्तीस सभासदांच्या सभेत त्यांनी एकट्यांनी विरोध नोंदवला. ठराव अर्थातच मंजूर झाला. परंतु विरोध कोणी केला आणि मान कोणी डोलावली, हे आज आपण सांगू शकतो, याचे कारण ते मत उघडपणे दिले गेले. एक मत हरले, पण हिशेब लिहिलेला राहिला.

करदात्यांनी एकत्र येऊन तक्रार केली म्हणजे काय घडते, याचा पहिला मोठा धडा मुंबईने दिला. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. गृहस्थ कर्तबगार होते. शहराची सफाई, रस्ते, मंडई ही कामे त्यांनी धडाक्याने केली. पण खर्चाचा हात इतका सैल की, पालिकेची तिजोरी रिकामी झाली. १८७१मध्ये करदात्यांनी सभा भरवल्या, अर्ज केले, वृत्तपत्रांतून हिशेब मागितला. तेव्हा सरकारचे डोळे उघडले आणि १८७२च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची सभा आली; त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. म्हणजे मुंबईच्या नगरराज्याचा जन्म एका तक्रारीतून झाला असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १८८२च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव आला, आणि १८८४मध्ये मुंबई इलाख्यात नगरपालिका व लोकल बोर्डे यांचे नवे कायदे झाले. निवडून आलेला सभासद हळूहळू लहान गावांतही दिसू लागला.

याच क्रॉफर्डसाहेबांच्या चरित्राचा उत्तरार्ध आपल्या विषयाला आणखी एक धडा देतो. पुढे ते मध्य भागाचे कमिशनर असताना त्यांच्यावर लाचलुचपतीचे आरोप झाले आणि १८८८मध्ये चौकशी मंडळ बसले. ज्या मामलेदारांनी बढतीसाठी पैसे भरले होते, त्यांना सरकारने अभयवचन देऊन साक्षीला उभे केले. मंडळाने लाचेच्या आरोपांतून क्रॉफर्ड यांना मुक्त केले. अधिकारक्षेत्रातल्या लोकांकडून कर्जे काढल्याबद्दल मात्र त्यांची नोकरी गेली. आणि ज्यांनी अभयवचनावर विश्वास ठेवून खरे सांगितले, त्यांच्यापैकी काहींनाही घरी बसावे लागले. सरकारने दिलेले वचन पाळावे म्हणून लोकमान्य टिळकांनी त्या वेळी लेखणी व वाणी दोन्ही झिजवल्या. लाच देणारे मामलेदार काही धुतल्या तांदळाचे नव्हते, हे खरे. परंतु साक्ष देणाऱ्याला नंतर उघड्यावर टाकले, तर पुढच्या वेळी साक्ष द्यायला कोण येईल, हा टिळकांचा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. २०१० साली तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकाराचे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची हत्या झाली, तेव्हा तोच प्रश्न रक्ताने लिहिला गेला. जागल्यांच्या संरक्षणासाठी संसदेने २०१४मध्ये कायदा केला; पण तो अमलात आणण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपण सामाजिक समतेचा लढा म्हणून वाचतो, आणि तो तसाच वाचला पाहिजे. पण तोच इतिहास एका नगरपालिकेच्या वर्तनाचाही आहे. १९२३च्या ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही स्थळे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर काम पुरे झाले. तळ्यावर मात्र काहीही बदलले नाही. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्यापैकी कोणालाही तळ्याच्या पायऱ्या उतरता आल्या नाहीत.

येथे तक्रार कोणाविरुद्ध आणि कोठे करायची? एका सभासदाने पैसे खाल्ले असते तर कलम सापडले असते. येथे सगळी सभाच ठराव करून स्वस्थ बसली होती. बोले यांनी १९२६मध्ये कौन्सिलात दुसरा ठराव आणला की, जी नगरपालिका वा बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. अनुदान बंद करणे ही वरून होणारी शिक्षा झाली. खालून काय करता येईल, याचे उत्तर १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला मिळाले. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेले हजारो लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून तळ्यावर चालत गेले आणि त्यांनी पाणी प्याले. नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी दिलेला हक्क त्यांनी बजावला, एवढाच त्या कृतीचा कायदेशीर अर्थ होता. त्यानंतर परिषदेहून परतणाऱ्यांवर लाठ्या चालल्या. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने काय करावे? तिने आपला १९२४चा ठराव रद्द केला.

हे वर्तन नियमांच्या चौकटीत बसणारे होते. सभा बोलावली गेली, मते मोजली गेली, इतिवृत्त लिहिले गेले. कायद्याच्या पुस्तकात ज्याला ‘गैरवर्तन’ म्हणतात तसे त्यात काही दाखवता आले नसते. पण सार्वजनिक पाणी सर्वांना आहे असे लिहून देणे आणि ते कोणी प्यायला आले की लिहिलेले पुसून टाकणे, याला लोकव्यवहारात काय म्हणतात ते सांगायला नको. सगळीच सभा अशी होती असे मात्र नाही. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस हे या लढ्यात आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. संस्थेच्या वर्तनाचा दोष सांगताना सरसकट सगळ्यांना एका मापाने मोजणे हाही अन्यायच ठरतो.

मग गावाला हे कळले कसे? १९२७च्या एप्रिलच्या आरंभी ‘बहिष्कृत भारत’ निघाले आणि महाडच्या प्रकरणाची बाजू त्याने लोकांपुढे मांडली. निवाडा मात्र न्यायालयात झाला, आणि तोही गमतीच्या मार्गाने. १९२७च्या डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर काही स्पृश्य रहिवाशांनीच डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्यावर दावा लावला. तळे खाजगी आहे असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ज्यांचा हक्क बुडाला त्यांना फिर्यादीची जागा मिळाली नाही, त्यांना प्रतिवादीच्या पिंजऱ्यातून बोलावे लागले. दावा खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात चढत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अनादी काळापासूनची म्हणून सांगितलेली वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नव्हती. तळ्यावरच्या त्या दिवसाला तोवर तीन दिवस कमी दहा वर्षे झाली होती.

महाडच्या या प्रकरणातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, नगरपालिकेच्या ठरावांची वही ही मोठी मौल्यवान वस्तू आहे. १९२४चे पान लिहिलेले नसते तर १९२७चे पाऊल नुसते दांडगाईचे ठरवले गेले असते. दुसरी, ज्या तक्रारीला ऐकून घेणारी जागा नसते ती तक्रार रस्त्यावर येते. रस्त्यावर आलेल्या तक्रारीला आपण बेशिस्त म्हणतो. तिला बसायला पाट कोणी दिला नाही, हे विसरतो.

तक्रारीला जागा हवी, हे आपल्याच जिल्ह्याच्या आणखी एका सुपुत्राने साऱ्या देशाला सांगितले. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाड तालुक्यातल्या नाते या गावी झाला. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले, देशाचे अर्थमंत्री राहिले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५९मध्ये त्यांनी जाहीरपणे मागणी केली की, सत्तास्थानी असलेल्यांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक उच्च दर्जाचे, कायमचे आणि निःपक्ष न्यायाधिकरण असावे. पंडित नेहरूंनी त्यांच्याकडे तपशील मागितला. देशमुखांची भूमिका अशी की, आधी न्यायाधिकरण नेमा, मग माझ्याजवळची माहिती त्याच्यापुढे ठेवतो. नेहरूंना ती कल्पना पटली नाही आणि न्यायाधिकरण झाले नाही.

त्या वेळी देशमुखांवर टीकाही झाली. नावे माहीत आहेत तर बोलत का नाही, असे विचारले गेले. परंतु त्यांच्या मौनातला विवेक समजून घेण्याजोगा आहे. ज्याच्यावर आरोप करायचा त्याच्याच मंडळींच्या हाती कागद दिला, तर तो कागद फायलीत मरतो. वर्तमानपत्रांतून नावे फोडली, तर आरोपीला उत्तर देण्याची जागा राहत नाही. या दोन्हींच्या मधली जागा त्यांना हवी होती. पुढे संथानम समितीच्या शिफारशींवरून १९६४मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला, आणि महाराष्ट्राने १९७१मध्ये लोकायुक्तांचा कायदा करून १९७२मध्ये ती संस्था प्रत्यक्ष उभी केली. लोकायुक्त प्रत्यक्ष कामाला लागलेले हे देशातले पहिले राज्य. चिंतामणरावांच्या मागणीचे हे दूरचे पडसाद होत.

आता नगरपालिकेच्या सभासदासंबंधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू, म्हणजे पुढची उरणची हकीकत उलगडेल. महाराष्ट्राचा नगरपालिकांचा कायदा १९६५चा. त्याच्या बेचाळिसाव्या कलमान्वये कर्तव्य बजावताना गैरवर्तन केलेल्या किंवा लज्जास्पद वर्तन केलेल्या सभासदाला राज्य सरकार स्वतःहून किंवा नगरपालिकेच्या शिफारशीवरून पदावरून काढू शकते. मात्र त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. चव्वेचाळिसावे कलम सभासद अपात्र कधी होतो ते सांगते. नगरपालिकेच्या कंत्राटात त्याचा हितसंबंध असणे हे त्यातले एक ठळक कारण. नगराध्यक्षासाठी ५५-अ व ५५-ब ही कलमे आहेत. त्यांन्वये पद जाते आणि सहा वर्षांपर्यंत पुन्हा उभे राहण्यास बंदी येऊ शकते. खेड्यात सरपंचासाठी १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याचे एकोणचाळिसावे कलम आहे. तेथे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने चौकशी करायची आणि विभागीय आयुक्ताने निर्णय द्यायचा.

या सगळ्यात एक मर्म आहे. नगरपालिकेत तक्रारीचा अंतिम निवाडा बहुधा राज्य सरकारच्या हाती, म्हणजे पक्षाच्या मंत्र्याच्या हाती जातो. नगराध्यक्ष एका पक्षाचा, तक्रारदार दुसऱ्या पक्षाचा आणि निवाडा देणारा या दोहोंपैकी एकाच्या जवळचा, अशी स्थिती कोठेही उद्भवू शकते. मंत्री कितीही न्यायी असला तरी त्याचा निवाडा न्यायाचा आहे असे गावाला वाटणे कठीण जाते.

हाच प्रश्न उरणच्या प्रकरणाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. उरण नगरपालिकेचे अध्यक्ष रवी यशवंत भोईर यांच्याविरुद्ध कामकाजातील गैरवर्तनाची तक्रार झाली. चौकशी झाली, अहवाल गेला, कारणे दाखवा नोटीस निघाली आणि राज्य सरकारने त्यांना पदावरून दूर करून पुढील निवडणुकीसही अपात्र ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायमूर्ती बी. एस. चौहान व न्यायमूर्ती जगदीशसिंग खेहर यांनी २ मार्च २०१२ रोजी अपील मंजूर करून तो बडतर्फीचा हुकूम रद्द केला. ‘रवी यशवंत भोईर विरुद्ध जिल्हाधिकारी, रायगड’ या नावाने हा निकाल आता देशभर आधाराला घेतला जातो. साध्या मराठीत त्याचे सार असे सांगता येईल.

पहिली गोष्ट, निवडून आलेल्या माणसाला काढणे म्हणजे नोकराला काढणे नव्हे. त्याला काढले की त्याचे पद तर जातेच, पण ज्या मतदारांनी त्याला पाठवले त्यांचा प्रतिनिधीही जातो. १९९३च्या जूनपासून चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि नगरपालिकेला राज्यघटनेतच स्थान मिळाले. ते पद असे सहजासहजी हिरावून घेता येणार नाही. दुसरी, प्रत्येक चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे. निर्णयाचा अंदाज चुकणे, हातून निष्काळजीपणा होणे आणि पदाचा दुरुपयोग करणे यांत फरक आहे. तिसरी, निवाडा देणाऱ्याने कारणे लिहिली पाहिजेत. आरोप काय, उत्तर काय आणि उत्तर का पटले नाही, हे ज्या हुकुमात नाही तो हुकूम टिकणार नाही. चौथी गोष्ट सर्वांत बोचरी आहे. तक्रारदाराने साक्षीदार म्हणून पुरावा द्यावा. ज्याचा स्वतःचा हक्क बुडाला नाही त्याने खटल्यात पक्षकार होऊन वादीसारखे लढू नये.

या चौथ्या मुद्द्यावर सुजाण माणसांतही मतभेद होईल. राजकीय वैरी तक्रारीच्या आडून निवडणुकीचा सूड उगवतो, हे आपण सर्वत्र पाहतो. त्याला न्यायालयाने वेसण घातली ते बरे झाले. पण दुसरी बाजूही आहे. जो नागरिक आपल्या घरपट्टीच्या पैशाचा हिशेब मागतो, त्याला तू नुसता साक्षीदार आहेस असे सांगितले, तर प्रकरण पुढे नेणारा उरतो तो केवळ सरकारी खात्याचा कारकून. त्याने फाईल हलवली तर हलली. म्हणून माझे असे मत झाले आहे की, उरणच्या निकालाचे पहिले तीन मुद्दे मनापासून मान्य करून चौथ्याची उणीव अन्य मार्गाने भरून काढली पाहिजे. साक्षीदाराला खटला लढवता येत नसेल, तर निदान त्या खटल्याचे काय झाले हे त्याला आणि गावाला वेळच्या वेळी कळले पाहिजे.

येथे आपण शेवटच्या प्रश्नाशी आलो. तक्रार जाहीर कधी करावी? ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे म्हणणारे एका टोकाला आहेत. संस्थेची अब्रू जाईल, गावाचे नाव बद्द होईल, म्हणून आतल्या आत मिटवा, असा त्यांचा सल्ला. दुसऱ्या टोकाला असे आहेत की, अर्जावरची शाई वाळण्याआधी त्याच्या प्रती चौकाचौकांत वाटतात. पहिल्याने चोर सुटतो, दुसऱ्याने संन्याशाला फाशी होते.

कायद्याने या दोहोंच्या मधला रस्ता फार पूर्वी आखून ठेवला आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या ४९९व्या कलमात अब्रुनुकसानीचा गुन्हा सांगून त्याला दहा अपवाद दिले आहेत. १ जुलै २०२४ रोजी ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३५६व्या कलमातही ते अपवाद कायम आहेत. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने मत देणे, न्यायालयाच्या कामकाजाचे खरे वृत्त छापणे, अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने तक्रार नेणे, यांपैकी काहीही गुन्हा नाही. आणि सद्भावना म्हणजे मनात वाईट नव्हते एवढेच नव्हे; योग्य ती दक्षता घेतल्याशिवाय केलेल्या कृत्याला कायदा सद्भावना म्हणतच नाही. म्हणजे तक्रार करण्याआधी कागद पाहा, मोजमाप तपासा, मग बोला. १९९४मध्ये तामिळनाडूतल्या राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, स्थानिक संस्थेला स्वतःच्या बदनामीबद्दल भरपाईचा दावा लावता येत नाही. इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायपीठाने डर्बीशायर कौंटी कौन्सिलच्या प्रकरणात १९९३मध्ये हेच तत्त्व सांगितले होते. लोकांनी निवडलेल्या संस्थेने लोकांच्या टीकेला भिऊ नये, हे त्यामागचे कारण. परंतु संस्थेला जे संरक्षण नाही ते माणसाला त्याच्या खाजगी जीवनापुरते आहे, हा भेद तक्रारदाराने कधी विसरू नये. रस्त्याच्या कंत्राटाविषयी विचारावे. घरातल्या भांडणाविषयी विचारू नये.

जाहीर करण्याच्या साधनांचीही वाण नाही. नगरपालिकेची सभा नागरिकांना खुली असते. किती नागरिक तेथे जाऊन बसतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. खेड्यात ग्रामसभा आहे. १२ ऑक्टोबर २००५पासून माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा लागू आहे; महाराष्ट्राने तर त्याआधी, २००२मध्येच, स्वतःचा कायदा केला होता. केंद्राच्या कायद्याचे चौथे कलम असे सांगते की, सार्वजनिक संस्थेने आपले निर्णय व खर्च कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करावेत. या कलमाचा अर्थ आपण ध्यानात घेतला तर तक्रारींची अर्धी गरज संपेल. टेंडर कोणाला दिले, अंदाज किती होता, बिल किती झाले, हे पालिकेच्या फळ्यावर महिन्याच्या महिन्याला लागले, तर कुजबूज कशाच्या आधारावर चालेल?

यावरून मला नगरपालिकांना व त्यांच्या नागरिकांना एक साधी शिस्त सुचवावीशी वाटते. तक्रार लेखी आणि नावानिशी असावी. ती आली की तिला क्रमांक व पोच मिळावी. ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला तिची प्रत त्याच आठवड्यात मिळावी. चौकशी चालू असताना गावाला एवढेच सांगावे की, अमक्या विषयाची तक्रार आली आहे आणि तिचा निर्णय अमक्या तारखेपर्यंत व्हायचा आहे. निर्णय झाला की तो कारणांसह, संपूर्ण, फळ्यावर लावावा. सभासद दोषी ठरला तर तसे लिहावे; निर्दोष ठरला तर तेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहावे. आपल्याकडे आरोपाची बातमी पहिल्या पानावर येते आणि निर्दोषत्वाची बातमी कोठेच येत नाही. या एका अन्यायामुळे अब्रूदार माणसे नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहायला कचरतात, आणि मग जागा भरते ती ज्यांना अब्रूची फिकीर नाही त्यांनी.

ही शिस्त घालायला नवा कायदा लागत नाही. पालिकेच्या एका ठरावाने काम भागेल. पण निवाडा देणाऱ्याची निःपक्षता ही मात्र ठरावाने येणार नाही. त्यासाठी चिंतामणरावांनी मागितले तसे, मंत्र्यांच्या आज्ञेबाहेरचे, जिल्ह्याजिल्ह्याला पोचणारे एखादे न्यायासन लागेल. ते आज ना उद्या व्हावे यासाठी आग्रह धरणे हे आपल्यासारख्या नागरिकांचेच काम आहे, कारण सत्तेवर असलेला कोणताही पक्ष आपला हात आपण होऊन बांधून घेत नाही.

मुंबईच्या करदात्यांनी हिशेब मागितला म्हणून निवडणूक आली. पुण्यात एकट्या जोतीरावांनी हात वर केला म्हणून तो हजार रुपयांचा ठराव आजही लक्षात राहिला. महाडला लोक आपणच केलेल्या कायद्याचा हक्क मागायला तळ्यावर गेले म्हणून दहा वर्षांनी का होईना निवाडा झाला. उरणच्या प्रकरणाने शिकवले की, निवाडा देताना कारण सांगावे लागते. या चारही ठिकाणी काम सुरू झाले ते कोणीतरी उघडपणे बोलले आणि ते लिहून ठेवले गेले म्हणून. १९२४च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेत ज्या कारकुनाने तो ठराव वहीत उतरवला, त्याच्या मनात इतिहास घडवण्याचा विचार खासच नसेल. त्याने आपले काम चोख केले. आपल्या गावच्या नगरपालिकेच्या वहीत पुढच्या सभेला काय लिहिले जाते, हे पाहायला आपण गेलो, तर राव जे करीत नाही ते करायला गाव समर्थ आहे, ही म्हण पुन्हा खरी ठरेल.